तळ्यात-मळ्यात

नोव्हेंबर सरत आला की सिहोऱ्याच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात. आभाळ थोडं जरी भरून आलं, तरी घरातलं लहानथोर माणूस पुंजने रचायला धावतं. चांदपूरच्या तलावाचं पाणी असो नसो, या पंधरवड्यात इथल्या माणसाला नागपुरात काय चाललंय हे विचारायला वेळ नसतो. १८१७ च्या नोव्हेंबरातही वैनगंगेच्या काठाला हीच लगबग असणार. त्याच पंधरवड्यात, इथून शंभरेक किलोमीटरवर, आपलं राज्य गेलं.

आपलं म्हणजे नागपूरकर भोसल्यांचं. शाळेच्या पुस्तकात सीताबर्डीच्या लढाईला दोन ओळी मिळतात आणि त्या वाचून असं वाटतं, की एका टेकडीवर मूठभर इंग्रजांनी हजारोंना हरवलं आणि विषय संपला. मला ही हकिकत लढाईची वाटत नाही. ती परराष्ट्र धोरणाची आहे. सिहोरा, तुमसर, भंडारा हा सारा मुलूख तेव्हा कलकत्त्याच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या, लेखी परराज्य होता. नागपुरातला रेसिडेंट हा परक्या सत्तेचा वकील होता. त्याच्याशी बोलायचं कसं, त्याला काय द्यायचं, काय द्यायचं नाही आणि पुण्याच्या पेशव्याशी संबंध ठेवायचे की नाही, या प्रश्नांवर एका घटत चाललेल्या राज्याचा जीव टांगलेला होता. गोळी सुटली ती अगदी शेवटी.

१४ वर्षं आधी

१८०३ च्या २९ नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे हरली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक गेलं, बालासोर गेलं, वर्धेच्या पलीकडचा वऱ्हाड गेला. ज्यांच्या घोड्यांच्या टापांनी एकेकाळी बंगालची झोप उडवली होती, त्यांच्या दरबारात आता कंपनीचा रेसिडेंट येऊन बसला. पहिला एल्फिन्स्टन. त्याच्यानंतर काही वर्षांनी रिचर्ड जेंकिन्स.

दुसरे रघुजी भोसले यांच्याविषयी फार चांगलं बोलणारे कमी सापडतात. प्रजेकडून पैसा ओरबाडण्यात त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. १८११ मध्ये पेंढारी नागपूरच्या वेशीपर्यंत आले आणि बाहेरच्या वस्त्या जाळून गेले, तेव्हाही राजाची फौज फारशी कामी आली नाही. गावोगावी मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या त्या याच काळात. लोक आपलं रक्षण आपणच करू लागले होते. पण एका गोष्टीत हा माणूस शेवटपर्यंत हटला नाही. कंपनीची तैनाती फौज आपल्या राज्यात ठेवून घ्यायला त्याने मरेपर्यंत होकार दिला नाही. निजामाने ती घेतली होती, वसईच्या तहात बाजीरावाने घेतली होती. रघुजी मात्र टाळत राहिले. १८०९ साली पठाण सरदार अमीरखान चालून आला तेव्हा कंपनीने न मागता मदत पाठवली, ती घेतली. सही मात्र केली नाही. देवगावनंतर १२ वर्षं त्यांनी हे निभावलं. लहान राज्याचं धोरण म्हणून हे काही दिव्य नव्हतं, पण धोरण होतं.

२२ मार्च १८१६ ला रघुजी वारले.

१८ महिने आधी : २७ मे १८१६, रात्र

माझ्या मते नागपूरचं राज्य याच रात्री गेलं. पुढे जे झालं ती नुसती उत्तरक्रिया.

रघुजींचा मुलगा परसोजी आंधळा होता, शरीराने पंगू आणि बुद्धीने अधू. गादीवर तो बसणार, पण कारभार कोणी करायचा? एकीकडे रघुजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले. दुसरीकडे रघुजींच्या धाकट्या भावाचा, व्यंकोजीचा मुलगा मुधोजी, म्हणजे आप्पासाहेब. वय विशीच्या आसपास. एप्रिलमध्ये आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केलं. पुढच्या महिन्यात तो कैदेतच मारला गेला. कारभार हाती आला, पण वाड्यात कोणावर विश्वास ठेवावा अशी परिस्थिती राहिली नाही. मग रघुजींनी आयुष्यभर जे दार लावून धरलं होतं, ते आप्पासाहेबांनी आतून उघडलं.

तह रात्री झाला, गुपचूप. आप्पासाहेबांच्या वतीने वाटाघाटी नागोपंत आणि नारायण पंडित यांनी केल्या. कंपनीच्या पायदळाच्या सहा पलटणी आणि घोडदळाची एक रेजिमेंट नागपूरच्या राज्यात राहणार. त्यांच्या खर्चापोटी दरसाल साडेसात लाख रुपये राजाने द्यायचे. शिवाय स्वतःची ३,००० स्वारांची आणि २,००० पायदळाची तुकडी कंपनीच्या मर्जीप्रमाणे सज्ज ठेवायची. आणि खरं कलम म्हणजे कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत.

या शेवटच्या कलमाचा अर्थ त्या तरुणाला त्या रात्री कळला होता का, कोण जाणे. त्याला बाकाबाईपासून संरक्षण हवं होतं. घरातल्या भाऊबंदकीसाठी त्याने बाहेरचा पहारेकरी ठेवला आणि पहारेकऱ्याने पगाराबरोबर घराच्या किल्ल्याही मागून घेतल्या. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला नागपूर हवं होतं ते वेगळ्याच हिशेबासाठी. हैदराबादची फौज, नर्मदेवरची फौज आणि बंगाल यांच्या मधोमध हे राज्य पसरलेलं होतं. पेंढाऱ्यांना घेरायचं तर इथून रस्ता पाहिजे होता. दोघांनी एकाच कागदावर सही केली, पण दोघांना दिसत असलेला नकाशा एक नव्हता.

१० महिने आधी : १ फेब्रुवारी १८१७

परसोजी सकाळी अंथरुणात मेलेले आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला होते. गळा दाबून मारल्याचं आणि मारवणारा कोण हे नंतर जेंकिन्सने पुराव्यानिशी मांडलं. तेव्हा मात्र कंपनीने काही विचारलं नाही. आप्पासाहेब राजा झाले. आता बाकाबाईची भीती उरली नाही, त्यामुळे पहारेकऱ्याची गरजही उरली नाही. उरला फक्त खर्च, आणि पुण्याहून येणारी गुप्त पत्रं.

३ आठवडे आधी

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्याची आणि इंग्रजांची लढाई झाली. पुण्याची रेसिडेन्सी जळाली. ही बातमी नागपुरात पोचली तेव्हा आप्पासाहेबांपुढे दोनच रस्ते होते, आणि दोन्ही वाईट पण स्पष्ट होते. पेशव्याला नाही म्हणायचं, तह पाळायचा, मान खाली घालून जगायचं. नाही तर सगळी फौज घेऊन, कंपनीच्या मदतीला कुमक येण्याआधी, एका झटक्यात रेसिडेन्सीवर तुटून पडायचं. नागपुरात कंपनीचे सैनिक होते जेमतेम दीड हजार. राजाजवळ १८,००० च्या घरात. त्यांत तीन-चार हजार अरब, शिवाय ३६ तोफा. दिवस महत्त्वाचे होते, कारण कंपनीच्या डव्हटनची मोठी फौज वऱ्हाडाच्या बाजूला होती आणि दुसरी कुमक नर्मदेकडून येऊ शकत होती.

आप्पासाहेबांनी तिसरा रस्ता काढला. लहानपणी आपण खेळायचो ना, तळ्यात की मळ्यात? एक पाय इकडे, एक तिकडे, आणि जो चुकेल तो बाद. तसला.

७२ तास आधी : २४ नोव्हेंबर

आदल्या रात्री जेंकिन्सला निरोप गेला होता : पेशव्यांकडून खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, आली आहे, सेनापतिपद आलं आहे, उद्या समारंभ आहे, आपण यावं. जेंकिन्सचं वय ३२. दहाएक वर्षं तो नागपुरात होता, इथली माणसं ओळखून होता. त्याने उत्तर दिलं, की जो पेशवा आमच्याशी लढतो आहे त्याची खिलत जाहीर दरबारात स्वीकारणं म्हणजे काय, हे महाराजांना समजत नसेल असं नाही.

समारंभ झाला. आप्पासाहेब थाटात सक्करदऱ्याच्या छावणीत गेले, खिलत घेतली, जरीपटका घेतला, तोफांची सलामी झाली. राजे छावणीतच राहिले.

हे कृत्य मला अजून उलगडत नाही. लढायचंच होतं तर शत्रूला आमंत्रण कशाला? आणि लढायचं नव्हतं तर जरीपटका कशाला? भोसल्यांना सेनासाहेब सुभा ही पदवी साताऱ्याच्या छत्रपतींकडून मिळालेली. पेशव्याने दिलेल्या सेनापतिपदाने त्यांच्या तलवारीला एक इंचही धार येणार नव्हती. पण मराठी दरबारात मानाचा शिरपेच हा नेहमीच धोरणापेक्षा मोठा ठरत आला आहे. लढाईचा इरादा कळवायची जगातली सगळ्यात महाग पद्धत त्यांनी निवडली : शत्रूला तीन दिवसांची सूचना.

४८ तास आधी : २५ नोव्हेंबर

शहर आणि रेसिडेन्सी यांच्यातली ये-जा बंद झाली. राजाने सूचना दिली; जेंकिन्सने ती वापरली. कंपनीची फौज तीनेक मैलांवर तेलंखेडीला तळ ठोकून होती. ती उठवून त्याच दिवशी रेसिडेन्सीजवळ आणण्यात आली. कमान लेफ्टनंट कर्नल होप्टन स्कॉटकडे.

रेसिडेन्सीच्या पाठीशी सीताबर्डीच्या दोन टेकड्या. दक्षिणेची मोठी, उत्तरेची लहान, मध्ये ३०० यार्डांची चिंचोळी खिंड. लहान टेकडीच्या पायथ्याशी झोपड्या आणि वस्ती, अगदी बंदुकीच्या टप्प्यात. ही लहान टेकडी हातची गेली तर मोठी राखता येणार नाही, हे कोणालाही दिसत होतं. या २४ तासांत राजाच्या अरबांना ती एकही गोळी न झाडता घेता आली असती. कोणी घेतली नाही. हुकूमच नव्हता.

२४ तास आधी : २६ नोव्हेंबर, दिवसभर

स्कॉटने २४ व्या मद्रास पलटणीचे ३०० शिपाई आणि एक तोफ लहान टेकडीवर चढवली. त्यांच्यावर कॅप्टन सॅडलर. २० वी पलटण आणि बाकीचे मोठ्या टेकडीवर. बंगालच्या घोडदळाचे तीन ट्रूप, कॅप्टन फिट्झजेरल्डच्या हाताखाली, खाली रेसिडेन्सीच्या आवारात. बंगल्यात बायकामुलंही होती.

इथे थोडं थांबतो, कारण त्या टेकडीवर उभे असलेले लोक कोण होते हे कोणी सांगत नाही. ही २४ वी पलटण म्हणजे मुळात मद्रासच्या पहिल्या रेजिमेंटची पहिली पलटण. १८०६ च्या जुलैत वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी बंड केलं, त्यात ती होती. शिक्षा म्हणून तिचं नावच पुसून टाकलं आणि नव्या भरतीला २४ हा आकडा देऊन रांगेच्या शेपटाला उभं केलं. ११ वर्षं ते तो आकडा वागवत होते. दक्षिणेतले हे शिपाई नागपुरात, कोणाच्या तरी राज्यासाठी कोणाच्या तरी राज्यावर गोळ्या झाडायला सज्ज झाले होते. आणि समोर, झोपड्यांच्या आडोशाला, समुद्रापलीकडून आलेले अरब, राजाच्या पगारावरचे. वैनगंगेच्या खोऱ्यातला, झाडीपट्टीतला माणूस या टेकडीच्या लढाईत शोधावा लागतो. राज्याचं रक्षण दोन्ही बाजूंनी भाड्याने घेतलेलं होतं.

दिवसभर सक्करदऱ्याहून माणसं आणि तोफा टेकडीच्या दिशेने सरकत राहिल्या. युद्धाची घोषणा मात्र नाही. राजा म्हणत नव्हता की लढतो, आणि म्हणत नव्हता की लढत नाही.

१८ तास आधी : २६ नोव्हेंबर, दिवेलागण

सूर्य मावळला आणि वस्तीकडून अरबांनी लहान टेकडीवर गोळीबार सुरू केला. हुकूम राजाचा होता, की राजाच्या आजूबाजूच्यांचा, की कोणाचाच नव्हता? आप्पासाहेब नंतर म्हणत राहिले, माझा नव्हता. खरं असेल, खोटं असेल. मला यातलं खरं अधिक भयंकर वाटतं : ज्या राजाला आपल्या फौजेने कधी गोळी झाडली हे सांगता येत नाही, त्याच्यापेक्षा खोटं बोलणारा राजा परवडला.

१८ ते १० तास आधी : रात्र

गोळीबार रात्री दोनच्या सुमारापर्यंत चालला. सॅडलर मारला गेला. त्याच्या जागी आलेला चार्ल्सवर्थ जखमी झाला. टेकडी उघडी, खडकाळ. आडोसा करायला माती खणावी तर खाली कातळ. २४ व्या पलटणीतली माणसं एकेक करून पडत होती, पण जागा सोडत नव्हती. अरबांनी वर चढून यायचा प्रयत्न केला, परतवले गेले, पुन्हा केला.

१८,००० च्या फौजेतली बाकीची फौज त्या वेळी कुठे होती? सभोवार. घोडदळ मैदानात लांबवर घेरा टाकून उभं. भोसल्यांचं घोडदळ, ज्याचं नाव घेतलं की एके काळी कटकात बाजार उठत. ते रात्रभर बघत राहिलं.

दोननंतर जरा शांत झालं. जखमी खाली नेले गेले, दारूगोळा वर आला. पहाटे लहान टेकडीवरची थकलेली माणसं बदलून रेसिडेंटच्या पहाऱ्याचे शिपाई चढवले गेले.

६ तास आधी : २७ नोव्हेंबर, उजाडताना

उजाडलं आणि पुन्हा सुरू झालं, या वेळी तोफांसकट. अरब रात्रीत अधिक जवळ सरकले होते.

३ तास आधी : सकाळी नऊच्या पुढे

लहान टेकडीवर दारूगोळ्याची एक गाडी उडाली. धूर, किंचाळ्या, गोंधळ. त्याच क्षणी अरब तलवारी उपसून वर धावले. टेकडी पडली. जी तोफ तिथे होती, तीच त्यांनी फिरवून मोठ्या टेकडीवर रोखली. पहिल्याच माऱ्यात मोठ्या टेकडीवर अधिकारी पडले. रेसिडेंटचा सहायक सॉथबी गेला, डॉक्टर नेवेन गेला. खाली घोडदळ आणखी जवळ आलं. चहूबाजूंनी माणसं रेसिडेन्सीच्या दिशेने दाटू लागली.

हीच घटका होती. १८,००० माणसांना एका वेळी पुढे चाला म्हणणारा एक माणूस हवा होता, बस. राजे टेकडीपाशी नव्हते.

दीड तास आधी

कोंडीत सापडलेल्या माणसाला तळ्यात-मळ्यात खेळता येत नाही. फिट्झजेरल्डने हल्ल्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. पुन्हा मागितली. निरोप आला, करायचा तर स्वतःच्या जबाबदारीवर करा. त्याने जबाबदारी घेतली आणि ३०० च्या आतबाहेर स्वार घेऊन नाल्यापलीकडच्या घोडदळावर घातले. ते फुटलं. मागची दोन तोफांची बैठक त्याने जिंकली आणि त्याच तोफा उलट फिरवल्या.

वरून हे दिसत होतं. मोठ्या टेकडीवरच्या पायदळाला हुरूप आला. तेवढ्यात लहान टेकडीवर अरबांच्या मधोमध दारूगोळ्याची दुसरी गाडी उडाली. नऊ वाजता ज्या अपघाताने टेकडी दिली होती, तसल्याच अपघाताने ती परत घेतली. शिपाई खिंड ओलांडून संगिनी रोखून चढले.

२७ नोव्हेंबर १८१७, दुपार

संपलं. अरब वस्तीतूनही हटले. राजाचं घोडदळ पांगलं. कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७, म्हणजे दर चार माणसांमागे एक. एवढं नुकसान सोसलेल्या, दमलेल्या, दारूगोळा संपत आलेल्या तुकडीवर त्याच संध्याकाळी दुसरा हल्ला झाला असता तर? झाला नाही. त्याऐवजी राजाचे वकील आले. जे झालं त्याचं महाराजांना फार वाईट वाटतं, म्हणाले.

दोन दिवसांनी, २९ तारखेला, गहानची कुमक नर्मदेकडून पोचली. १२ डिसेंबरला डव्हटन पूर्ण डिव्हिजन घेऊन आला. ज्या १५ दिवसांत एकतर लढायचं किंवा निसटायचं, त्या १५ दिवसांत आप्पासाहेब सक्करदऱ्यात बसून होते आणि फौज मोडत नव्हते, चालवतही नव्हते.

त्यानंतरचे तास

१५ डिसेंबरला जेंकिन्सने अटी पाठवल्या : तोफा द्या, अरबांना काढा, स्वतः रेसिडेन्सीत या. मुदत १६ च्या पहाटे चारची. पहाटे निरोप आला, अरब मला येऊ देत नाहीत. मुदत सातपर्यंत वाढली. सात वाजले. डव्हटनची फौज रांगा लावून पुढे सरकू लागली. नऊला आप्पासाहेब मोजकी माणसं घेऊन आले आणि रेसिडेन्सीच्या दारात उतरले. दुपारपर्यंत तोफा ताब्यात द्यायचं कबूल केलं. इंग्रज तोफा घ्यायला पुढे गेले, काही तोफा मिळाल्या, आणि पुढच्या रांगेवरून राजाचे सरदार गणपतराव आणि मनभट यांच्या माणसांनी गोळे सोडले. राजा शत्रूच्या घरात, फौज लढाईत. त्या दुपारी तीही मोडली. तोफा, हत्ती, तळ, सगळं गेलं.

अरब शहरात शिरून जुम्मा दरवाज्याच्या आत दबा धरून बसले. त्या दरवाज्याला आज गांधी गेट म्हणतात. २४ डिसेंबरला इंग्रजांनी तो फोडायचा प्रयत्न केला, मार खाऊन मागे आले. मग बोलणी झाली आणि ३० डिसेंबरला अरब बायकामुलांसह, सामानासह बाहेर पडले. पराभवाच्या या सगळ्या महिन्यात अटी ठरवून, त्या पाळून घेऊन, ताठ मानेने नागपूर सोडून जाणारे तेवढेच. त्यांना आपण काय मागतोय हे ठाऊक होतं.

जानेवारी १८१८ च्या करारात नर्मदेपलीकडचा मुलूख गेला, गाविलगड गेला, आणि सीताबर्डीच्या टेकड्याही किल्ला बांधायला देऊन टाकल्या. आप्पासाहेब परत गादीवर बसले. मार्चमध्ये पुन्हा पेशव्याशी पत्रव्यवहार करताना सापडले, १५ मार्चला अटक झाली. मे महिन्यात अलाहाबादेला नेत असताना जबलपूरजवळ शिपायाच्या वेशात निसटले.

त्यांच्या नावाने लढणारी माणसं आमच्या भागात निघाली, तीही तेव्हा, राज्य गेल्यावर. कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल उठला. सिहोऱ्याच्या पूर्वेला, वैनगंगेपलीकडे, आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं हे कामठा. नागपूरजवळच्या कामठीशी त्याची गल्लत करू नका. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला आणि सप्टेंबर १८१८ मध्ये कामठ्याची गढी पडली. नोव्हेंबर १८१७ मध्ये चिमणा पटलाला आणि त्याच्यासारख्या जमीनदारांना नागपूरच्या मैदानात बोलावलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारून बघितला आहे. बोलावणारा जोवर आपण लढतोय हे कबूल करत नाही, तोवर माणूस बोलावणार तरी कशाला?

आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरांत, मग असिरगडाकडे, मग लाहोरला रणजितसिंगांच्या आश्रयाला, मग हिमालयातल्या मंडीला, शेवटी जोधपूरला. १५ जुलै १८४० ला तिथेच वारले. नागपूरच्या गादीवर दुसऱ्या रघुजींचा नातू बसवला गेला. राज्य जेंकिन्स चालवत होता.

२४ व्या मद्रास पलटणीने टेकडीबद्दल बक्षीस मागितलं. पैसे नाही, जमीन नाही. आमचा जुना आकडा परत द्या. मिळाला. वेल्लोरमध्ये पुसलं गेलेलं नाव त्यांनी सीताबर्डीच्या कातळावरून परत मिळवलं आणि ते पुन्हा पहिल्या रेजिमेंटची पहिली पलटण झाले.

सीताबर्डीचा किल्ला आता लष्कराकडे आहे. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला तो सगळ्यांसाठी उघडा असतो. कधी गेलात तर वर पोचल्यावर आधी उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. ३०० यार्ड म्हणजे किती, ते डोळ्यांनी मोजून घ्या.